पुसलेलं जातं कुठे?

पंतोजींच्या शाळेत कागद परवडायचा नाही. फळीवर, म्हणजे धूळपाटीवर, माती किंवा विटेची पूड पसरायची, काडीने अक्षर काढायचं, पंतोजींनी पाहिलं की हात फिरवायचा. मोठी मुलं लहानांची अक्षरं सुधारत. मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेचं काम १७८९ साली अँड्र्यू बेलकडे आलं. त्याच शहरात एका मलबारी शाळेतली मुलं वाळूत लिहिताना त्याने पाहिली, आणि मुलांनीच मुलांना शिकवण्याची पद्धत १७९७ मध्ये लंडनला पुस्तक काढून सांगितली. म्हणजे वर्गात मिळून लिहिणं संगणकाने आणलं, हे काही खरं नव्हे.

धूळपाटी गेली, दगडी पाटी आली, मग वही. शाळांतून हस्तलिखितं निघू लागली. मजकूर दहा जणांचा, नक्कल सुंदर अक्षराच्या मुलीची, कोपऱ्यातली वेलबुट्टी तिसऱ्याची. सरांनी तपासलेलं तेवढं उरे. कच्ची पानं रद्दीत.

वाईत हेच काम थोरांनी केलं. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला; पहिला खंड १९७६ चा, पुढे वीस खंड झाले. नोंद लिहिणारा एक, तपासणारे दुसरे, भाषा घासणारे तिसरे. नोंदीखाली नाव मात्र लेखकाचं. बाकीच्यांनी काय बदललं, हे छापील पानावरून कुणाला कळणार? आणि चूक राहिलीच, तर पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची.

मार्च १९९५ मध्ये वॉर्ड कनिंगहॅमने पहिला विकी उघडला: वाचणाऱ्यानेच पान बदलावं. पुढे अशा पानांना ‘इतिहास’ जोडला गेला आणि प्रत्येक जुनी आवृत्ती शाबूत राहू लागली. माझ्या मते खरी नवी गोष्ट एवढीच. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला. सरावाच्या पानाला तिथे धूळपाटीच म्हणतात, फक्त तिच्यावरचं पुसलं तरी ते इतिहासात राहतं.

प्राथमिक वर्गाला यातून काय मिळेल? तिसरीचं परिसर अभ्यासाचं पुस्तक जिल्ह्याजिल्ह्याचं वेगळं असतं, पण लिहितात मोठी माणसंच. समजा, सांगलीजवळच्या हरिपूरच्या मुलांनी शाळेच्या विकीवर हळदीच्या पेवांचं पान केलं. एकाने लिहिलं, ‘पेव म्हणजे खड्डा.’ दुसरीने आजोबांना विचारून तो जमिनीखाली कसा खणतात, तोंड कसं बंद करतात, ते घातलं. तिसऱ्याने २००५ च्या महापुरात पेवांचं काय झालं, ते जोडलं. कुणाच्या वाक्यावर कुणी काय चढवलं, हे बाईंना इतिहासात दिसतं. भांडणंही होतील, होऊ द्यावीत. एवढ्या लहान मुलांचा विकी जगासाठी उघडा नसावा. विकी चालवणारं मीडियाविकी हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि शाळेतल्या एका संगणकावर इंटरनेटशिवायही चालतं.

संगणकच नसेल, तर गुरुजनांना एक विनंती: हस्तलिखिताच्या मागे कच्ची पानं शिवून ठेवा, आणि तपासताना मुलाचं वाक्य लाल शाईने गिरबटून टाकू नका, शेजारी लिहा.