फसलेल्या सौद्याचे भाडे

दुकानदारच नसलेला बाजार चालवायचा कसा? इथेरियमचे एक जनक विटालिक ब्यूटेरिन यांनी २०१६ साली एक युक्ती सुचवली. नोकरी गमावलेल्या हेडन अ‍ॅडम्स या तरुण अभियंत्याने ती प्रत्यक्षात आणली. २ नोव्हेंबर २०१८ रोजी त्याचे ‘युनिस्वॅप’ सुरू झाले.

येथे विक्रेत्याच्या जागी असतो लिक्विडिटी पूल, म्हणजे लोकांनी एकत्र ठेवलेला दोन चलनांचा साठा. नियम एकच: दोन्ही राशींचा गुणाकार स्थिर राहावा. साठ्यात १० इथर आणि २०,००० डॉलर-टोकन असतील, तर गुणाकार २,००,०००. त्यातून १ इथर उचलताच उरलेल्या ९ इथरच्या जोडीला सुमारे २२,२२२ टोकन हवेत. ग्राहकाला २,००० नव्हे, २,२२२ मोजावे लागतात; शुल्क वेगळे. लहान साठ्यातून मोठी खरेदी महाग पडते ती यामुळेच.

खरी मेख रांगेत आहे. आपल्याआधी दुसऱ्याचा सौदा लागला की भाव सरकतो. आपण घातलेली मर्यादा ओलांडली गेली तर व्यवहार रद्द होतो. ‘गॅस’चे पैसे मात्र जातात, कारण आकडेमोड झालेलीच असते. ऑक्टोबर २०१७ च्या बायझँटियम सुधारणेपूर्वी फसलेल्या व्यवहारात बहुधा उरलेला गॅसही बुडे! मर्यादा सैल सोडावी, तर आपल्या पुढेमागे सौदे लावून फरक लाटणारे टपलेलेच असतात.

जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी उभारलेल्या ‘मॅटिक’ने, म्हणजे आजच्या पॉलिगॉनने, हे भाडे पुष्कळ खाली आणले. तरी तेथेही शुल्कापुरते मूळ नाणे खात्यात नसेल, तर सौदा रांगेपर्यंतही पोहोचत नाही.