शीव आणि शेजाऱ्याची भाषा

शीव म्हणजे गावाची हद्द. दोन गावांची शेते जिथे भिडतात तिथे दगड पुरलेला असतो, आणि भांडणाला तोंड फुटते तेही बहुधा त्या दगडावरूनच. आपल्या या शीवेची कथा काही वेगळी नाही. सतराव्या शतकात मुंबई बेट इंग्रजांच्या हाती आले तेव्हा इथल्या खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी होती. टेकडीवरचा किल्ला इंग्रजांनी बांधला तो ही हद्द राखण्यासाठी. १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेतली. १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला घेऊन इंग्रजांनी ती आपल्याकडून हिसकावली. मधली ३७ वर्षे मराठी राज्य आणि कंपनीचे राज्य यांची सीमा इथूनच जात होती.

हद्दीवर राहणाऱ्या माणसाला एक प्रश्न टळत नाही. भांडण मिटल्यावर पलीकडच्याशी बोलायचे कोणत्या भाषेत, आणि ती भाषा शिकायची कोणी? या प्रश्नाची इतिहासाने निरनिराळी उत्तरे दिली आहेत.

पहिले उत्तर जेत्याचे. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि १८३१ साली मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश मुंबईत छापून निघाला. मोल्सवर्थ हा कंपनीच्या फौजेतला अधिकारी. जॉर्ज आणि टॉमस हे कँडी बंधू त्याचे सहकारी, आणि शब्दांची पारख करायला आपली शास्त्रीमंडळी. या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती अभ्यासक आजही उघडतात. हे ऋण नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. तथापि कंपनी सरकारला मराठी हवी होती ती वसुलीसाठी, न्यायनिवाड्यासाठी, हुकूम समजावण्यासाठी. अशा शिक्षणाने कारभार सुरळीत चालतो. मने जुळतातच असे नाही.

दुसरे उत्तर गरजूचे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंध-पंजाबातून उखडलेली कुटुंबे मुंबईस आली. शीव-कोळीवाड्याला निर्वासितांची छावणी पडली. त्या भागाला आज गुरू तेगबहादूर नगर म्हणतात. त्याच्याही आधी धारावीत सौराष्ट्रातले कुंभार आणि तिरुनेलवेलीकडचे चामडे कमावणारे येऊन वसले होते. परक्या मुलखात दुकान मांडणाऱ्याला गिऱ्हाइकाची भाषा उचलावीच लागते. ती तो उचलतो, पण त्याची स्वतःची भाषा मात्र घराच्या उंबऱ्याआतच राहते. समोरच्याला तिची कधी गरजच पडत नाही.

एका बाजूच्या अशा शिकण्याने सलोखा होत नाही, याचा दाखला आपल्या शहरातच आहे. १९५५-५६ साली संयुक्त महाराष्ट्रासाठी मुंबईच्या रस्त्यांवर माणसे गोळ्या खाऊन पडली. १९५६ च्या ऑगस्टात महागुजरातसाठी अहमदाबादेतही पडली. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली. हद्द ठरली, पण मनातली अढी राहिली, आणि पुढे ती दुसऱ्याच शेजाऱ्याकडे वळली. ज्या दाक्षिणात्य समाजाने १९३२ साली साउथ इंडियन एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि १९६० साली, महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षी, शीवेस महाविद्यालय काढले, त्याच समाजाच्या हॉटेलांवर त्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत दगड पडले. त्यांच्या इडलीची चव आपल्याला ठाऊक होती. त्यांची भाषा आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक होती?

तिसरे उत्तर कोणत्याही लाभावाचून शिकणाऱ्याचे. साने गुरुजी स्वातंत्र्याच्या चळवळीत त्रिचनापल्लीच्या तुरुंगात होते. तिथे ते तमिळ शिकले आणि पुढे कुरल मराठीत आणले. बंदिवानाला तमिळ शिकून कोणती नोकरी मिळणार होती? प्रांताप्रांतांत दुरावा वाढत चालला तेव्हा त्याच गुरुजींनी आंतरभारतीची कल्पना मांडली. एका प्रांताच्या माणसाने दुसऱ्या प्रांताची भाषा प्रेमाने शिकावी, हे तिचे सार. ११ जून १९५० रोजी ते गेले. कल्पना मागे राहिली. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांना गांधीजी 'सवाई गुजराती' म्हणत, आणि १९६५ साली त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो गुजराती ग्रंथासाठी. भाषेच्या नावाने दोन राज्ये वेगळी होऊन पाच वर्षे झाली होती, आणि एका मराठी माणसाचे गुजराती गद्य गुजरातीचे भूषण ठरत होते.

व्यक्तींनी केले ते राष्ट्रांना जमेल काय? फ्रान्स आणि जर्मनी १८७० पासून ७५ वर्षांत तीनदा लढले. २२ जानेवारी १९६३ रोजी त्यांनी पॅरिसमध्ये मैत्रीचा करार केला. त्यात संरक्षण आणि परराष्ट्रनीतीच्या जोडीला एक साधे कलम होते: फ्रान्समध्ये जर्मन आणि जर्मनीत फ्रेंच शिकणाऱ्या विद्यार्थ्यांची संख्या वाढवावी. जेता कोण आणि जित कोण, हा हिशेब त्या कलमात नव्हता. शिकण्याचे ओझे दोघांनी सारखे उचलायचे होते.

कोणी म्हणेल, मुंबईत मराठीच मागे रेटली जात असता आम्ही तमिळ, गुजराती, उर्दू का शिकावी? शंका रास्त आहे. तिचे अर्धे उत्तर कायद्याने दिले आहे. १९६४ च्या कायद्याने मराठी राजभाषा झाली, आणि २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत, माध्यम कोणतेही असो, मराठी शिकवणे सक्तीचे झाले. हा आपला हक्क आहे आणि तो सोडण्याचे कारण नाही. परंतु हक्काने शिकवलेली भाषा म्हणजे टाळीचा एक हात. दुसरा हात पुढे करायला कोणताही कायदा सांगणार नाही. कुरल मराठीत आल्याने मराठी उणी झाली नाही. तिच्या घरात एक ग्रंथ वाढला.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या दंगलींत या शहरात सुमारे ९०० माणसे मेली. धारावीने ते दिवस जवळून पाहिले आणि धारावी शीवेला लागून आहे. शांतता समित्या अशा वेळी अवश्य हव्यात, पण त्या बसतात तोवर आग लागलेली असते. आधीच्या शांत वर्षांत शेजाऱ्याची लिपी गिरवायला, त्याच्या आजारी आईची विचारपूस तिच्या भाषेत करायला कोणाची परवानगी लागत नाही. शिकवणारा तर जिन्याच्या पलीकडेच राहतो. त्याचे दार वाजवायला सुरुवात कोणी करावी? ज्याचे घर जुने आहे आणि पाय इथे पक्के रोवलेले आहेत, त्याने. मुंबईत ते घर मराठी माणसाचे आहे.