ताडपत्रावरील एक शब्द : लिपिकारांची कला आणि यंत्रयुग

भगवान महावीरांची वाणी कित्येक शतके गुरुमुखातून शिष्याच्या कंठी आली. स्मरणशक्ती क्षीण होत चालल्याचे पाहून गिरनारच्या चंद्रगुंफेत वास करणाऱ्या धरसेन आचार्यांनी पुष्पदंत व भूतबली या दोन मुनींना आपल्याजवळचे ज्ञान दिले आणि त्यांनी ‘षट्खंडागम’ ग्रंथबद्ध केला, अशी दिगंबर परंपरा आहे. ज्येष्ठ शुद्ध पंचमीला ग्रंथाची पूजा झाली, तीच श्रुतपंचमी. पुढे वीरसेन आचार्यांनी त्यावर ‘धवला’ ही सुमारे ७२,००० श्लोकप्रमाण टीका इ. स. ८१६ मध्ये पूर्ण केली.

रचना आचार्यांची, परंतु ती आजपर्यंत पोहोचविली ती हातांनी नक्कल करणाऱ्या लिपिकारांनी. २०२५ साली केंद्र शासनाने ‘ज्ञान भारतम्’ उपक्रमाद्वारे देशातील १ कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण व जतन करण्याचे जाहीर केले. जुनी अक्षरे ओळखण्याच्या कामी आता कृत्रिम बुद्धिमत्ताही येत आहे. मग लिपिकाराची कला कालबाह्य झाली काय? धवलेच्या नकलांचा इतिहास या प्रश्नाचे उत्तर देतो.

मूडबिद्रीचा ठेवा

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस धवला, जयधवला आणि महाबंध (महाधवल) हे सिद्धांतग्रंथ कर्नाटकातील मूडबिद्रीच्या सिद्धांत-बसदीत तेवढे उरले होते. ताडपत्रे जीर्ण, लिपी जुनी कन्नड, भाषा प्राकृत व संस्कृत. यात्रेकरूंना त्यांचे दर्शन घडे; पण वाचणारा क्वचितच आढळे.

मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी १८८३ च्या सुमारास यात्रेस गेले असता ही अवस्था पाहून अस्वस्थ झाले. त्यांनी सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांना कळविले. ‘जैन बोधक’ मासिकाच्या या संस्थापकांनीही मूडबिद्रीस जाऊन ग्रंथ पाहिले. दोघेही व्यापारी; परंतु कोणता माल नाशवंत आहे आणि त्याचे मोल काय, हे त्यांनी अचूक ओळखले. समाजातून वर्गणी जमली, विश्वस्तांची संमती मिळाली आणि १८९६ च्या सुमारास नकलेचे काम सुरू झाले. श्रवणबेळगोळचे ब्रह्मसूरी शास्त्री आणि मिरजेचे गजपती उपाध्याय यांच्यावर ते सोपविण्यात आले. ब्रह्मसूरी शास्त्रींच्या निधनानंतर गजपतींनी व इतर लिपिकारांनी ते पुढे नेले. सर्व ग्रंथांच्या नकला पुऱ्या व्हायला १९२२ साल उजाडले.

सुमारे २५ वर्षे का लागली, हे समजण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. दक्षिणेकडील प्राकृत हस्तलिखितांत अक्षराआधी दिलेला बिंदू कधी अनुस्वार असतो, तर कधी पुढील अक्षराचे द्वित्व दाखवितो. बिंदू एकच, परंतु प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ भाषा व विषय जाणणाऱ्यानेच ठरवावयाचा. त्यात कोठे पान तुटलेले, कोठे शाई उडालेली. लिपिकाराची लेखणी डोळ्यांइतकीच अभ्यासाच्या बळावर चालत होती.

या प्रती मूडबिद्रीबाहेर नेण्यास परवानगी नव्हती. गजपतींनी पत्नी लक्ष्मीबाईंच्या साहाय्याने गुप्तपणे कन्नड लिपीत आणखी एक नकल केली. ती सहारनपूरच्या लाला जंबुप्रसाद यांच्याकडे पोहोचली. तेथे तिची नागरी प्रत झाली, आणि त्या प्रतीच्या नकला अमरावती, कारंजा, आरा अशा ठिकाणी गेल्या. हे कृत्य नीतीच्या तराजूत कसे तोलावे, याबद्दल मतभेद होऊ शकतात. पण बंद कपाटातील सिद्धांत अभ्यासकांपर्यंत आला तो याच मार्गाने.

एक सुटलेला शब्द

अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी पंडितांच्या साहाय्याने धवलेचे संपादन हाती घेतले. विदिशेचे श्रीमंत शेठ शिताबराय लक्ष्मीचंद यांच्या दानातून १९३९ मध्ये पहिला भाग प्रसिद्ध झाला. पुढील सुमारे २० वर्षांत १६ भाग निघाले.

पहिल्याच भागात एक पेच उभा राहिला. गुणस्थानांसंबंधीच्या ९३ व्या सूत्रात ‘संजदासंजद’ हा शब्द होता; त्यानंतर अपेक्षित असलेला ‘संजद’ हा शब्द उपलब्ध प्रतींत नव्हता. पहिला शब्द व्रती श्रावकाचा, दुसरा संयमी मुनीचा. पहिल्या शब्दाचा शेवट ‘संजद’ असाच असल्याने नकल करताना दृष्टी घसरून पुढचा शब्द गळणे सहज शक्य होते. वीरसेनांची टीका तर तो शब्द सूत्रात असल्याशिवाय नीट लागत नव्हती. सूत्र मनुष्य-स्त्रियांविषयी असल्याने या एका शब्दाचा संबंध स्त्रीमुक्तीच्या प्राचीन वादाशी पोहोचत होता.

संपादकांनी काय केले? शब्द गळला असावा, असा त्यांचा अभ्यास सांगत होता. तरीही त्यांनी तो सूत्रात गुपचूप मिसळला नाही. येथे हा शब्द असावा असे वाटते, अशी तळटीप दिली. रोकड जुळत नसता प्रामाणिक मुनीम ती रक्कम उचंत खात्यात दाखवितो, खोटी नोंद करून मेळ घालीत नाही. तसाच हा व्यवहार होता. यावरून विद्वानांत कडाक्याचा वाद झाला. पुढे मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी पाठ ताडून पाहिला असता तो शब्द तेथे आढळला. संपादकांचा तर्क खरा ठरला.

यंत्र आणि विवेक

येथे हेही मान्य केले पाहिजे की, शब्द गाळला तो माणसाच्या हातानेच. मनुष्य चुकतो, थकतो. यंत्र थकत नाही. हजारो पाने अल्पकाळात चाळते, सूची करते, दूरच्या अभ्यासकाला घरबसल्या ग्रंथ दाखविते. हा लाभ नाकारणे शहाणपणाचे नाही.

परंतु यंत्र पुसट अक्षर वाचते ते पूर्वी पाहिलेल्या नमुन्यांवरून अधिक संभवनीय वाटणारे अक्षर निवडून. ज्या लिपीचे नमुने थोडे, तेथे ते अधिक चुकते. आणि चुकीचा पाठही बरोबर पाठाइतकाच सुबक दिसतो. पाहिलेले कोणते आणि अंदाजाने भरलेले कोणते, हे वाचकाला कळेलच असे नाही. हा भेद राखणे, हेच लिपिकाराच्या व संपादकाच्या कलेचे खरे मर्म होय. सुंदर अक्षर हा तिचा अलंकार. उत्तरदायित्व हा तिचा प्राण. शिवाय यंत्राला लिपी शिकविण्यासाठीही जाणकाराने आधी अचूक वाचून दिलेली पाने लागतातच. वाचणारेच उरले नाहीत, तर यंत्राची परीक्षा कोण घेणार?

दुसरा धडा मूळ प्रतीविषयी आहे. नकला झाल्या, ग्रंथ छापला गेला, म्हणून मूडबिद्रीची ताडपत्रे टाकून दिली असती, तर त्या एका शब्दाचा निर्णय कधीच लागला नसता. छायाचित्र निघाले म्हणून पोथी निरुपयोगी होत नाही.

गावोगावच्या मंदिरांतील कपाटांत आजही वेष्टनात बांधलेल्या पोथ्या आहेत. श्रुतपंचमीला त्यांची पूजा होते. त्याच दिवशी वेष्टने सोडून, वाळवी व ओल पाहून, पोथ्यांची यादी करण्याचा प्रघात प्रत्येक मंदिराने ठेवावा. छायाचित्रे अवश्य काढावीत. त्याबरोबर समाजातील निदान एक-दोन तरुण-तरुणींनी प्राकृत भाषा व जुनी लिपी शिकावी, आणि विश्वस्तांनी त्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. माणिकचंद व हिराचंद यांनी ग्रंथ स्वतः उतरविले नाहीत. ते उतरविणाऱ्या हातांना त्यांनी बळ दिले. आजच्या दात्यांपुढेही तोच मार्ग मोकळा आहे.