२१ जून १९८२ : पाहणीच्या आकड्यांतून जन्मलेला रस्त्यावरचा उत्सव

१/८
कलामहोत्सव आखताना आयोजक बहुधा एकच प्रश्न विचारतात : लोकांना काय दाखवायचे? १९८२ मध्ये फ्रान्सच्या संस्कृती मंत्रालयाने हा प्रश्न बाजूला ठेवला आणि लोक स्वतः काय करतात, याच्या आधारे एक उत्सव रचला. त्या उत्सवाची ही कहाणी.

२/८
या मंत्रालयाची स्थापना १९५९ ची. पहिले मंत्री कादंबरीकार आंद्रे माल्रो. थोर कलाकृती अधिकाधिक नागरिकांपर्यंत पोहोचवणे, हे त्यांचे ध्येय होते. ध्येय उदात्त खरे. पण त्यात कला देणारे मोजके आणि घेणारे असंख्य, अशी विभागणी गृहीत धरलेली होती.

३/८
मंत्रालयाचा स्वतःचा अभ्यास विभाग होता. १९७३ पासून त्याने फ्रेंच लोकांच्या सांस्कृतिक सवयींच्या देशव्यापी पाहण्या केल्या. कोण पुस्तके वाचतो, कोण नाटकाला जातो, कोण वाद्य वाजवतो, अशा साध्या प्रश्नांतून समाजाचे चित्र उभे राहू लागले.

४/८
१९८१ मध्ये फ्रान्स्वा मितराँ राष्ट्राध्यक्ष झाले आणि जाक लांग संस्कृतिमंत्री. संगीत व नृत्य विभाग संगीतसमीक्षक मोरिस फ्लरे यांच्याकडे आला. पुढच्या वर्षी पाहणीचे नवे आकडे हाती आले : सुमारे ५० लाख लोक वाद्य वाजवत होते, तरुणांमध्ये तर दर दोघांपैकी एक!

५/८
हे वादक सभागृहांत कुठेच दिसत नव्हते. त्यांची गिटार, अ‍ॅकॉर्डियन, व्हायोलिन घरांच्या चार भिंतींआड वाजत होती. म्हणजे उणीव संगीताची नव्हती, जागेची आणि मान्यतेची होती. सारा उत्सव या एका निष्कर्षावर उभा राहिला.

६/८
आखणी अवघ्या काही आठवड्यांत झाली. तिकीट नाही, वादकांची निवड नाही, मानधन नाही. शास्त्रीय, जॅझ, रॉक, लोकसंगीत यांत उच्चनीच नाही. रंगमंच म्हणजे शहरातील रस्ते आणि चौक. दिवस निवडला तो उत्तर गोलार्धातला सर्वांत मोठा. नावही अर्थपूर्ण : ‘फेत द ला म्युझिक’. फ्रेंचमध्ये ‘संगीताचा उत्सव’ आणि ‘संगीत करा’ या दोहोंचा उच्चार एकच. उत्सवाचे नाव हेच निमंत्रण ठरले.

७/८
२१ जूनला, सोमवारी, रात्री साडेआठ ते नऊ एवढाच वेळ ठरला होता. लोक वाद्ये घेऊन घराबाहेर पडले आणि ऐकणारा व वाजवणारा यांतली रेषा पुसट झाली. त्याच वर्षी मे महिन्यात मंत्रालयाच्या ध्येयाची शासकीय व्याख्याही बदलली होती : प्रत्येक नागरिकाच्या सर्जनशक्तीला वाव देणे, हे आता त्याचे कर्तव्य ठरले होते.

८/८
टीकाही झाली. लांग यांच्या काळातील सांस्कृतिक धोरणाने थोर कला आणि करमणूक यांतला भेदच मिटवला, हा आक्षेप गाजला. विचारवंत आलँ फिंकेलक्रॉत यांनी १९८७ मध्ये त्या वृत्तीवर कठोर प्रहार केला. तो वाद आजही संपलेला नाही. उत्सव मात्र शंभराहून अधिक देशांत पोहोचला. भारतात पुदुच्चेरीतही तो साजरा होतो. सर्वसमावेशक उत्सव केवळ दारे उघडून घडत नाही. ज्यांना आपण प्रेक्षक समजतो, त्यांच्या हातात आधीपासून काय आहे, हे प्रथम विचारावे लागते. फ्रान्सने ते विचारले आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास ठेवला.