पासपोर्टवर लिंगनोंद बदलायची आहे? आधी कलेक्टरचे प्रमाणपत्र, मग आधार, मग अर्ज

गोंदिया : पासपोर्टवर 'पुरुष' लिहिलेले, आधारवर दुसरेच, टीसीवर जुने नाव. अशी कागदपत्रे घेऊन तृतीयपंथी व्यक्ती पासपोर्टच्या खिडकीवर गेली की अर्ज अडतो आणि देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावहून गेलेल्याचा दिवस आणि गाडीभाडे दोन्ही वाया जाते. कागद योग्य क्रमाने केले तर हा त्रास बराच वाचतो.

हक्क कुठून आला?

सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी 'नालसा' खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख दिली. ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी याही त्या खटल्यात न्यायालयापुढे होत्या. पुढे 2019 चा हक्क संरक्षण कायदा आला. तो 10 जानेवारी 2020 पासून लागू झाला आणि त्याच वर्षी नियम निघाले. या नियमांत ज्या सरकारी कागदांची यादी आहे, त्यात पासपोर्टही आहे.

पायरी 1 : जिल्हाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र

अर्ज केंद्राच्या राष्ट्रीय ट्रान्सजेंडर पोर्टलवर ऑनलाइन करायचा. सोबत शपथपत्र जोडायचे. 2020 च्या नियमांनुसार यासाठी वैद्यकीय किंवा शारीरिक तपासणी नाही, आणि 30 दिवसांत प्रमाणपत्र व ओळखपत्र द्यायचे आहे. अर्ज नाकारला तर 90 दिवसांत अपील करता येते. अर्ज भरण्याआधी पोर्टलवरची ताजी सूचना जरूर वाचा.

इथे एक गोष्ट बरेच जण विसरतात. अर्जदार त्या जिल्ह्यात सलग एक वर्ष राहणारा पाहिजे. म्हणजे घर आमगावचे असले, पण दोन वर्षांपासून नागपुरात राहात असाल, तर अर्ज नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे जाईल. अर्जदार अल्पवयीन असेल तर पालक अर्ज करतात.

'ट्रान्सजेंडर' नको, 'स्त्री' किंवा 'पुरुष' हवे असेल तर?

लिंगबदल शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी कायद्याचे कलम 7 आहे. जिथे शस्त्रक्रिया झाली, त्या रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांचा किंवा मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांचा दाखला जोडून जिल्हाधिकाऱ्यांकडून सुधारित प्रमाणपत्र घ्यावे लागते.

पायरी 2 : आधार आणि बाकी कागद

प्रमाणपत्र हाती आले की लगेच पासपोर्टकडे धावू नका. आधी आधार केंद्रात नाव, लिंग आणि फोटो बदलून घ्या. मग पॅन, मतदार कार्ड, बँक पासबुक. नियमांच्या यादीत दहावी-बारावीचे प्रमाणपत्र, जातीचा दाखला आणि किसान पासबुकही आहे. सगळीकडे नावाचे स्पेलिंग एकच ठेवा. एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडू शकतो.

पायरी 3 : पासपोर्ट

गोंदिया जिल्हा नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयाखाली येतो. जुना पासपोर्ट असेल तर पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर 'री-इश्यू' निवडून वैयक्तिक माहितीत बदल हे कारण द्यायचे. पहिल्यांदाच काढत असाल तर 'फ्रेश'. अर्जात पुरुष, स्त्री आणि ट्रान्सजेंडर असे तीन पर्याय आहेत. प्रौढांसाठी 36 पानी पासपोर्टची साधी फी 1500 रुपये, तत्काळसाठी वर आणखी 2000. जाताना मूळ प्रमाणपत्र, जुना पासपोर्ट, नवे आधार आणि सगळ्यांच्या झेरॉक्स सोबत न्या. अडचण आली तर टोल-फ्री क्रमांक 1800-258-1800.

पोलीस चौकशीची भीती

गावात पोलीस विचारायला आले की चर्चा होईल, या धास्तीने काही जण अर्जच करत नाहीत. ही चौकशी नागरिकत्व, पत्ता आणि गुन्हे नोंद यांची असते, शरीराची नाही. कुणी शिवीगाळ केली, छळले, तर 2019 च्या कायद्याच्या कलम 18 नुसार 6 महिने ते 2 वर्षे कैद आणि दंड होऊ शकतो.

परदेशी जाण्याआधी

काही देशांच्या व्हिसा अर्जात पुरुष आणि स्त्री हे दोनच रकाने असतात. म्हणून कामासाठी बाहेर जाणाऱ्यांनी त्या देशाच्या दूतावासाकडून आधीच विचारून घ्यावे. तिकीटही नव्या पासपोर्टवरच्या नावानेच काढावे. जुना व्हिसा शिल्लक असेल तर तो नव्या नोंदीवर चालेल का, तेही तिकीट काढण्याआधी विचारावे.