चार बहिणी, चार राण्या आणि एक माहेर

फ्रान्सचा राजा नववा लुई याचे चरित्र त्याचा सहकारी जाँ द जॉइनव्हिल याने लिहून ठेवले आहे. ते वाचताना एका प्रसंगापाशी मी थांबलो. १२५९ साली लुईने इंग्लंडच्या तिसऱ्या हेन्रीशी तह करून त्याला काही मुलूख देऊ केला. सल्लागारांना ते पसंत नव्हते. त्यावर राजाने सांगितले की, आमच्या बायका सख्ख्या बहिणी, आमची मुले मावसभावंडे. तेव्हा आमच्यात सलोखाच हवा. साडूचे नाते राजकारणात एवढे वजनदार ठरावे, या कुतूहलाने मी या बहिणींचा माग काढू लागलो.

त्यांचे वडील रेमाँ बेराँजे हे प्रोव्हान्सचे काउंट. त्यांच्यामागे मुलगा नव्हता, मुली चार. थोरली मार्गरेट १२३४ मध्ये लुईची राणी झाली, दुसरी एलेनॉर १२३६ मध्ये हेन्रीची. तिसरी सांशिया १२४३ मध्ये हेन्रीच्या भावाला, रिचर्डला दिली. धाकटी बिआट्रिस १२४६ मध्ये लुईचा भाऊ शार्ल याच्या घरी गेली. म्हणजे बहिणी-बहिणी जावाही झाल्या. पुढे १२५७ मध्ये रिचर्डला जर्मनीचे राजेपद आणि १२६६ मध्ये शार्लला सिसिलीचा मुकुट मिळाला, तेव्हा चौघीही राण्या ठरल्या.

यांतल्या थोरल्या दोघींचे सूत शेवटपर्यंत जुळलेले दिसते. १२५४ च्या नाताळात पॅरिसला आई आणि लेकी एकत्र जमल्या, आणि पाच वर्षांनी तह झाला. हेन्रीने नॉर्मंडी, आंजू वगैरे प्रांतांवरचा हक्क सोडला; गॅस्कनी त्याच्याकडे राहिला, पण फ्रान्सच्या राजाचा मांडलिक म्हणून. १२६४ मध्ये हेन्री बंडखोर सरदारांच्या कैदेत पडला, तेव्हा एलेनॉर फ्रान्समध्ये राहून सैन्य उभारत होती. मार्गरेटने तिच्यासाठी स्वतःच्या दिराला पत्रे लिहून मदत मागितली.

हीच मार्गरेट धाकटीच्या बाबतीत मात्र वेगळी दिसते. तिला दहा हजार मार्कांचा हुंडा ठरला होता. तो पुरता कधीच मिळाला नाही. १२४५ मध्ये वडील वारले आणि मृत्युपत्राप्रमाणे सगळे प्रोव्हान्स बिआट्रिसला गेले. थोरल्या दोघी मोठ्या राज्यांत नांदत होत्या. त्यांच्या हाती दिले असते तर प्रोव्हान्स त्या राज्यांत विरून गेले असते. वडिलांचा हेतू मला तरी असाच वाटतो. पण बिआट्रिसबरोबर ते शार्लच्या हाती, म्हणजे फ्रान्सच्याच राजघराण्यात गेले. मार्गरेटने हा अन्याय कधी विसरला नाही. १२६७ मध्ये बिआट्रिस वारली, तरी भांडण मिटले नाही. १२८१ मध्ये, साठी गाठलेल्या मार्गरेटने शार्लविरुद्ध मॅकाँ येथे सरदारांची जूट बांधली. इंग्लंडच्या गादीवर बसलेल्या भाच्याला, पहिल्या एडवर्डला, ती पत्रांमागून पत्रे लिहीत राहिली.

लुईच्या बोलण्यातले नाते खरे होते. मार्गरेट आणि एलेनॉर यांच्यामध्ये वाटून घ्यायचे काही नव्हते, म्हणून ते दोन राज्यांच्या उपयोगी पडले. जिथे माहेरची जमीन मध्ये आली, तिथे तेच नाते अनेक वर्षे धुमसत राहिले.

मार्गरेट १२९५ मध्ये गेली. तिन्ही बहिणी तिच्याआधीच गेल्या होत्या. प्रोव्हान्स तिला मिळाले नाही. शार्लच्या वारसांनंतरही ते आणखी एका आंजू घराण्याकडे राहिले आणि १४८१ मध्ये फ्रान्सच्या राजाकडे आले.