लाउझित्झचे सोर्ब लोक : भाषा आणि अन्न

जर्मनीच्या पूर्व सीमेवर, पोलंड व चेक या देशांच्या शेजारी, लाउझित्झ नावाचा प्रदेश आहे. श्प्रे नदी त्यातून वाहते. दक्षिणेस बाउत्झेन व उत्तरेस कोट्बुस ही त्यातील प्रमुख नगरे होत. तेथील रस्त्यांच्या पाट्यांवर दोन भाषांत नावे आढळतात; कारण जर्मन लोकांच्या सोबतीने सोर्ब हा लहानसा स्लाव्ह समाज सुमारे चौदाशे वर्षे येथे नांदत आला आहे. आज त्याची संख्या ६०,००० च्या आसपास मानली जाते. एवढ्याशा समाजाच्याही भाषा दोन : बाउत्झेनकडील वरची सोर्बी चेक भाषेला जवळची, तर कोट्बुसकडील खालची सोर्बी पोलिश भाषेला जवळची.

त्यांचे नित्याचे अन्न साधे आहे. उकडलेले बटाटे, चक्क्यासारखे घट्ट दही आणि त्यावर जवसाच्या तेलाची धार, हे श्प्रे नदीकाठच्या घरोघरचे जेवण. मिठाच्या पाण्यात शेपू घालून मुरविलेली तेथील काकडी तर सर्व जर्मनीत प्रसिद्ध आहे.

परंतु भाषेचा मार्ग इतका सुलभ नव्हता. १९१२ साली स्थापन झालेल्या 'दोमोविना' या सोर्ब संघटनेवर नाझी राजवटीने १९३७ साली बंदी घातली. १९४८ साली सॅक्सनी राज्याने सोर्बांच्या संरक्षणाचा कायदा केला खरा. तथापि कोळशाच्या उघड्या खाणींपायी अनेक सोर्ब गावे उठली आणि गावाबरोबर भाषेचे अंगणही गेले.

गिरमिटियांच्या वंशजांस विशेष जवळचा वाटेल असा या इतिहासातील प्रसंग १८५४ सालचा आहे. त्या वर्षी यान किलियान या धर्मोपदेशकाच्या नेतृत्वाखाली पाचशेहून अधिक सोर्ब 'बेन नेव्हिस' जहाजाने अमेरिकेतील टेक्सासला निघाले. ते करारबद्ध मजूर नव्हते, स्वेच्छेने निघालेले होते; परंतु समुद्राने त्यांचीही कसोटी पाहिली. पटकीने अनेकांचा बळी घेतला. उरलेल्यांनी सर्बिन हे गाव वसविले व देवळात मातृभाषेचा घोष चालू ठेवला. पुढे शेजारच्या जर्मनांमुळे मुले जर्मन बोलू लागली, नातवंडे इंग्रजी. आज तेथील उत्सवात आजीच्या पद्धतीच्या अंड्याच्या शेवया हौसेने शिजतात, नक्षीदार अंडी रंगविली जातात. परंतु घराघरांतील सोर्बी बोली मात्र लोपली आहे.

जिभेवरची चव राहिली, जिभेवरची भाषा गेली. याचे कारण उघड आहे. चव एका चुलीवर टिकते. भाषेला मात्र बोलणारा दुसरा लागतो. मूळ लाउझित्झमध्ये हे ओळखूनच १९९८ पासून बालवाड्यांतून मुलांशी सोर्बीतच बोलण्याचा उपक्रम चालविला जात आहे. मॉरिशसमधील ज्या घरांत गणेशचतुर्थीला नैवेद्याचे ताट आजही भक्तिभावाने वाढले जाते, तेथे त्या ताटाभोवती मुलांशी मराठीत चार शब्द बोलले जावेत, एवढाच बोध या दूरच्या समाजाच्या कथेतून घ्यावयाचा आहे.